ओलोबा

वरच्या फडणिसांच्या मोरीतून
आमच्या बैठकीच्या भिंतीत ओल उतरली
नवरात्राच्या सुमारास.
आधी ताटलीएवढी, मग परातीएवढी,
मग कडेने पोपडे.

मी वॉटरप्रूफिंगचा माणूस.
धायरीपासून येरवड्यापर्यंत स्कूटरवरून
डबे, भुकटी, रसायनं विकत फिरतो.
लोकांच्या गच्च्यांवर उकिडवा बसून सांगतो
पाणी कुठून शिरतं ते.
आणि माझ्याच घरात, सोफ्याच्या डोक्यावर, हे.
बायको म्हणाली, दिव्याखाली ओल.

कृत्तिका सव्वाचार वर्षांची.
तिने बोट लावून पाहिलं, बोट हुंगलं.
'काय आहे हे?'
'ओल आहे, बाळा.'
'ओलोबा?'
आणि झालं. एका चुकीच्या ऐकण्यातून
तो जन्मला, शेपटीसकट.
शेपूट स्विचबोर्डाच्या दिशेने,
पाठीवर मदार, मदारीवर पोपड्यांची झूल.
डोळा नव्हता. म्हणे, झोपलाय.

मी तोंड उघडलं होतं सांगायला:
जॉइंट, विटा, विटांमधून हळूहळू चालणारं पाणी.
मला ते छान सांगता येतं, त्याचाच पगार मिळतो.
पण मेथी निवडता निवडता बायकोने
पायाच्या अंगठ्याने मला टोचलं.
मी तोंड मिटलं.
बाप म्हणून त्या महिन्यात
बरं केलेलं काम बहुतेक एवढंच.

गुरुवारी पाणी बंद असतं आमच्याकडे.
बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कळशी भरताना
ती एक वाटीही भरून भिंतीपाशी ठेवायची.
शुक्रवारी वाटीतलं पाणी जरा कमी असायचं.
असणारच. पण बाष्पीभवन हा शब्द
मी गोळीसारखा गिळला,
पाण्याशिवाय.

एकदा माझ्या बॅगेतून ओल मोजायचं यंत्र काढून
तिने त्याच्या पोटाला लावलं.
'किती ताप?'
आकडा वाईट होता. गिऱ्हाईक असतं तर म्हणालो असतो,
अख्खं प्लास्टर खरवडावं लागेल, साहेब.
'कणकण आहे,' म्हणालो. 'हलकं काहीतरी द्या.'
त्या रात्री आम्ही सगळ्यांनीच मुगाची खिचडी खाल्ली.

मग फडणिसांनी पाइप बदलला.
तीन महिने मीच त्यांच्या मागे लागलो होतो.
त्यात जानेवारी, ओठ फुटतील अशी हवा.
आधी शेपूट गेली. मग मदार.
'बाबा, ओलोबा वाळला,' ती म्हणाली.
माझ्या धंद्यात हा शब्द आनंदाचा.
तिने मात्र जेवताना ताटातला भात
कडेला काढून ठेवला, त्याच्यासाठी.

रात्री दीडला उठलो.
तांब्याभर पाणी आणलं, बोटं बुडवून
भिंतीवर शिपडलं,
शेपटीच्या जागी हात फिरवला.
अकरा वर्षं लोकांच्या भिंती कोरड्या ठेवणारा मी
बनियनवर उभा, अंधारात,
स्वतःची भिंत भिजवत.
वर फडणिसांचा संडास वाहिला तेव्हा
चोरासारखा दचकलो.

चार रात्री हे चाललं.
पाचव्या सकाळी, दुधाची मिशी न पुसता ती म्हणाली,
'आता नको पाणी देऊस त्याला.
तो कात्रजच्या तळ्यात राहायला गेला.
तिथे गुरुवारीपण असतं.'
आणि टेबलाखाली शिरली.
तिथे कालपासून कुणीतरी नवीन आलंय,
नाव मला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी गफूरभाई रंग घेऊन आले.
पहिला ब्रश बुडवला तेव्हा विचारलं,
'तेवढी परातीएवढी जागा सोडता येईल का?'
त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव वाचलं.
'साहेब,' म्हणाले, 'ओल तर गेली.'

'हो ना,' मी म्हणालो.